ज्या सापडत नाही

इथे सगळे जुन्या वाड्यांच्या, लग्नकार्यांच्या, गोपाळ मंदिरातल्या कीर्तनांच्या आठवणी लिहितात. माझी आठवण फार जुनी नाही आणि थोडी तांत्रिक आहे. पण ती उज्जैनचीच आहे, म्हणून लिहितो. कंटाळा आला तर मधला भाग सोडून द्या, मला राग येणार नाही.

आमच्या फ्रीगंजच्या घरात दोन घड्याळं असायची. एक बैठकीत, रेडिओशी मिळवलेलं. दुसरं देवघराबाहेर, ते अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. त्याला हात लावायची कुणाला मुभा नव्हती, कारण ते उज्जैनच्या सूर्याचं घड्याळ होतं. नवा पाहुणा आला की त्याला हमखास वाटायचं की हे घड्याळ मागे पडलंय. मग अण्णा खुशीत येऊन समजावायचे की मागे पडलेलं नाही, तुमचं घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखांशाचं आहे, हे इथलं आहे.

हिशोब सोपा आहे. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. उज्जैन पावणेशहात्तरच्या जरा पुढे. एका अंशाला सूर्य चार मिनिटं घेतो, म्हणजे आपल्याकडे तो सुमारे २७ मिनिटं उशिरा पोचतो. पण एवढ्यावर भागत नाही. पृथ्वीची कक्षा लंबगोल आहे आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे सूर्य वर्षभर एका चालीनं चालत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो साधारण १६ मिनिटं पुढे असतो, फेब्रुवारीच्या मध्याला १४ मिनिटं मागे. म्हणून उज्जैनचा खरा मध्यान्ह नोव्हेंबरात १२ वाजून ११ मिनिटांच्या सुमारास होतो आणि फेब्रुवारीत १२ वाजून ४१ मिनिटांच्या. अण्णा दर आठवड्याला वही उघडून घड्याळाचा काटा मिनिट-दोन मिनिटं सरकवत. वहीत वर्षभराचा तक्ता त्यांनी स्वतः लॉग टेबलं घेऊन काढलेला. सूर्योदय-सूर्यास्तही त्यातच.

हे वेड त्यांना वेधशाळेत लागलं. जयसिंगपुऱ्याची वेधशाळा आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेच्या सहलीत पाहिली असेल, घसरगुंडी समजून सम्राट यंत्रावर चढायला गेलो म्हणून ओरडाही खाल्ला असेल. सवाई जयसिंगांनी ती अठराव्या शतकात बांधली, ते माळव्याचे सुभेदार असताना. पुढे ती पडीक झाली आणि १९२३ साली माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवली. दुरुस्तीनंतरचे पहिले अधीक्षक गोविंद सदाशिव आपटे. आपल्यातलेच. अण्णांना आपट्यांचा फार अभिमान, जणू सख्खे आजोबा! वेधशाळेचं वार्षिक पंचांग १९४२ पासून निघतं, तेही आमच्याकडे ओळीने लावलेलं असे.

मग अण्णांना काचबिंदू झाला. मोतीबिंदू नव्हे. मोतीबिंदूची नजर परत येते, काचबिंदूची गेलेली येत नाही. आधी वहीतले आकडे गेले, मग घड्याळाचे काटे, मग माणसांचे चेहरेही अंदाजाने ओळखायची वेळ आली. वय ८४. सकाळी सूर्योदयाला अर्घ्य द्यायचा नेम सत्तर वर्षांचा. आता सूर्य उगवला का, हे रोज कुणाला तरी विचारायचं, ही त्यांना लाचारी वाटायची. विचारायचे नाहीत. साडेपाचालाच उठून तांब्या घेऊन गच्चीत उभे राहायचे, आणि तोंडाला ऊब लागली की अर्घ्य द्यायचे. पावसाळ्यात ती ऊबही नाही. एकदा ढगाळ सकाळी मी वर गेलो तेव्हा ते पावणेआठला तसेच उभे होते.

त्या वर्षी माझी भाची आमच्याकडे राहून इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. ताई देवासला, कॉलेज इथलं. वर्गातली अर्धी मुलं इंदूरहून तयार प्रोजेक्ट विकत आणतात, हे उघड गुपित आहे. पैसे मोजा, सर्किट, रिपोर्ट, वर तोंडी परीक्षेच्या प्रश्नांची उत्तरंसुद्धा घेऊन या. तिलाही मैत्रिणींनी तेच सुचवलं. तिने मात्र जेवताना जाहीर केलं, "मामा, मी आजोबांसाठी बझर बनवते. रोज खऱ्या सूर्योदयाला एकदा वाजेल, मध्यान्हाला दोनदा, सूर्यास्ताला तीनदा. इंटरनेट नको, मोबाइल नको." अण्णा काही बोलले नाहीत. पण भात कालवायचा थांबला, तो मला दिसला.

मी तीस वर्षं कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्सची देखभाल केलेली, शेवटची दहा वर्षं मायक्रोकंट्रोलरचीच. त्यामुळे माझी भूमिका ठरली: विचारलं तर सांगायचं, नाही तर गप्प.

ज्यांना ही वस्तू माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मायक्रोकंट्रोलर म्हणजे बोटाच्या नखाएवढा संगणक. तुमच्या वॉशिंग मशिनमध्ये आहे, गिझरमध्ये असेल. भाचीने घेतला तो एसटीएम-३२ जातीचा, ६४ किलोबाइट जागेचा. मोबाइलमधला एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. त्याला सी भाषेत कार्यक्रम लिहून द्यायचा. सोबत वेळ राखणारी छोटी चकती, बटनसेलवरची, जी वर्षाला जेमतेम मिनिटभर चुकते. आणि एक बझर. सूर्योदयाचं सूत्र तर अण्णांच्या वहीतच होतं: गावाचा अक्षांश आणि त्या दिवसाची सूर्याची क्रांती, म्हणजे तो विषुववृत्ताच्या किती उत्तरेला वा दक्षिणेला आहे ते, या दोन कोनांचे साइन-कोसाइन घ्यायचे, गुणाकार-भागाकार करायचा, शेवटी उलटा कोसाइन. सूत्र अण्णांना तोंडपाठ. नातीला त्यांनी ते पलंगावर बसून सांगितलं आणि तिने उतरवून घेतलं.

शुक्रवारी तिने चाचणी घेतली. उज्जैनच्या अक्षांशाचा साइन काढून दिवा लागतो का, एवढंच. लागला. शनिवारी पूर्ण सूत्र घातलं आणि गाडी अडकली. पडद्यावर ओळ आली: अनडिफाइन्ड रेफरन्स टू साइन. खाली तीच ओळ कोसाइनसाठी, मग उलट्या कोसाइनसाठी. सोमवारी कॉलेजात दाखवायचं होतं. तिने रात्री दोन वाजेपर्यंत कार्यक्रमाची ओळ न् ओळ तपासली. त्यात काही चूक नव्हतीच, तर सापडणार काय! रविवारी सकाळी पोहे-जलेबी समोर ठेवून ती म्हणाली, "मामा, काल हेच चालत होतं. मी इंदूरला फोन करू का?"

इंदूरला फोन म्हणजे काय ते मला कळलं. अण्णांनाही कळलं असावं. शेजारच्या खोलीतून आवाज आला, "काय सापडत नाही म्हणते ती?"

"साइन, आजोबा."

"म्हणजे ज्या सापडत नाही. उज्जैनमध्ये? कमाल आहे."

हे ते उगाच म्हणाले नव्हते. साइन हा शब्द आपल्या ‘ज्या’चाच पणतू आहे. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. तिचं दुसरं नाव जीवा. अरबांनी ते उचलून जीब लिहिलं. अरबीत स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे पुढच्यांनी ते जैब वाचलं, म्हणजे खिसा किंवा कपड्याची घडी. (आपण इथे हिंदीत जेब म्हणतो, तो तोच शब्द.) लॅटिन करणाऱ्यांनी मग घडीसाठी त्यांचा शब्द घातला, सायनस. त्याचं साइन झालं. आणि या ज्यांचे तक्ते करणाऱ्यांतले वराहमिहिर तर उज्जैनचेच.

असो. पोहे गार होत होते. मी तिला पंगतीचा दाखला दिला. तोच इथे देतो.

सी भाषेत काम दोन टप्प्यांत होतं. पहिला टप्पा कंपायलरचा. तो पत्रिका लिहिणाऱ्यासारखा. मॅथ डॉट एच नावाची यादी त्याच्यासमोर असते. तिच्यात एवढंच लिहिलेलं असतं की साइन नावाचं कुणी आहे, ते एक आकडा घेतं आणि एक देतं. कंपायलर म्हणतो, ठीक, विश्वास ठेवला, नाव लिहितो. प्रत्यक्ष माणूस कुठे राहतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दुसरा टप्पा लिंकरचा. हा पानं मांडतो. पत्रिकेतल्या प्रत्येक नावासमोर त्याला खरा माणूस हवा. साइन कसा काढायचा याची प्रत्यक्ष कृती असते लिब-एम नावाच्या वेगळ्या कोठीत. जुन्या युनिक्सपासून गणित असं वेगळं ठेवायची रीत पडली, तेव्हाची यंत्रं लहान आणि प्रत्येक कार्यक्रमाला गणित कुठे लागतं. ती कोठी उघड, असं लिंकरला मुद्दाम सांगावं लागतं. सांगायचं म्हणजे आज्ञेत डॅश एल-एम एवढी तीन चिन्हं लिहायची. न सांगितलं तर तो म्हणतो, नाव आहे, माणूस नाही. अनडिफाइन्ड रेफरन्स. कार्यक्रम चुकलेला नसतो. म्हणूनच तो रात्रभर तपासून उपयोग नसतो.

"मग शुक्रवारी कसं चाललं?" तिने विचारलं. प्रश्न रास्त होता. मला तर वाटतं की या चुकीत मुलं बुचकळ्यात पडतात ती इथेच.

शुक्रवारी तिने फक्त अक्षांशाचा साइन मागितला होता. उज्जैनचा अक्षांश २३ अंश ११ कला. तो रोज बदलत नाही, म्हणून तिने आकडा थेट लिहिला होता. कंपायलर हुशार असतो. आकडा पक्का दिसला की साइनचं उत्तर तो स्वतःच काढतो आणि तयार उत्तर लिहून मोकळा होतो. पाहुणा बोलावलाच नाही, तर लिंकर शोधणार कुणाला? शनिवारी सूर्याची क्रांती आली. ती रोज वेगळी, तिचा साइन बझरमधल्या चिपनेच रोज काढायला हवा. आता खरोखर ज्या लागली, आणि ती घरात नव्हती. तिच्या वर्गमित्रांना ही अडचण कधी आली नव्हती, कारण ते आर्डुइनो वापरतात आणि त्याचं सॉफ्टवेअर डॅश एल-एम न सांगता स्वतःच जोडतं.

तिने डॅश एल-एम लिहिलं. बटण दाबलं. तीच ओळ! अनडिफाइन्ड रेफरन्स टू साइन.

मुलगी रडायच्या बेतात. मी आज्ञा पाहिली. तिने डॅश एल-एम सुरुवातीला लिहिलं होतं, स्वतःच्या फाइलींच्या आधी. आता वाढपी आठवा. तो मठ्ठा घेऊन पंगतीतून एकदाच जातो, डावीकडून उजवीकडे, आणि मागे वळत नाही. लिंकरही तसाच. कोठीपाशी आला की पाहतो, आतापर्यंत कुणी काही मागितलंय का? कुणीच नाही, कारण मागणारे अजून बसायचेत. मग कोठीतून काहीच न घेता पुढे जातो. नंतर भाचीची फाइल येते, साइन मागते, पण वाढपी पुढे गेलेला. म्हणून कोठी नेहमी शेवटी सांगायची, मागणारे सगळे बसल्यावर.

खरं तर एवढंच बाकी होतं, पण मधे तिच्या एका मित्राने फोनवर तिसराच उपाय सांगितला: माझ्याकडची लिब-एमची फाइल पाठवतो, तीच जोड. तिने जोडून पाहिली आणि वेगळीच तक्रार आली, ही फाइल आकडे व्हीएफपी रजिस्टरमधून देते, तुमचा कार्यक्रम तसे घेत नाही. मित्राची चिप वरच्या जातीची, तिच्यात दशांश आकड्यांसाठी वेगळा कप्पा असतो. हिच्या स्वस्त चिपमध्ये तो नाही. एका घरची रीत दुसऱ्या घरी लावली की असंच होतं. मित्राची फाइल पुसून टाकली. आपल्याच चिपची लिब-एम, डॅश एल-एम सगळ्यात शेवटी. आणि लिंकर निमूट पुढे गेला. एकही ओळ नाही.

तेवढ्यात अण्णा भिंतीला हात लावत बाहेर आले होते. ते म्हणाले, "एवढी कोठी कशाला उघडता? ज्यांचा तक्ताच द्या ना तिला. चोवीस तर आकडे." आणि उभ्या उभ्या म्हणायला लागले: २२५, ४४९, ६७१, ८९०... हा आर्यभटाचा तक्ता, इसवी सन ४९९ चा. त्रिज्या ३४३८ धरून दर पावणेचार अंशांना एक ज्या. मधला कोन आला तर दोन आकड्यांमधून प्रमाणात काढायचा. भाची हसली नाही. तिने ते आकडे टिपून घेतले आणि चिपकडून तीस अंशांचा साइन काढवून त्याला ३४३८ ने गुणलं. १७१९. अण्णांचा आठवा आकडा १७१९. पंचेचाळीस अंशांचा बारावा, २४३१. तोही बरोबर.

मंडळी, हे मी कारखान्यात अनेकदा केलं होतं. जागा कमी असेल तर गणिताची कोठी न जोडता तक्ता ठेवायचा आणि मधलं प्रमाणात काढायचं. लुकअप टेबल म्हणतात त्याला. ते आर्यभटाचंच काम आहे हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. भाचीने हौसेने दोन्ही करून पाहिलं. लिब-एमने काही किलोबाइट खाल्ले, अण्णांच्या चोवीस आकड्यांनी ४८ बाइट. सूर्योदयात फरक आला काही सेकंदांचा. शेवटी तिने लिब-एमच ठेवलं, चिपमध्ये जागा होती म्हणून. रिपोर्टमध्ये मात्र तक्त्यावर एक प्रकरण लिहिलं.

सोमवारी कॉलेजात प्रोजेक्ट दाखवला. परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, याला डिस्प्ले का नाही? ती म्हणाली, ज्यांच्यासाठी आहे त्यांना दिसत नाही. पुढे काय झालं, किती गुण मिळाले, ते तिलाच विचारा. मला त्या गुणांत फारसा रस नव्हता.

मला रस होता १५ एप्रिलमध्ये. त्या सुमारास सूर्याचं पुढे-मागे जवळजवळ शून्य असतं. उरतात फक्त रेखांशाची २७ मिनिटं. बझर खाऊच्या डब्यात घालून आम्ही तिघं रिक्षाने वेधशाळेत गेलो. ऊन रणरणतं. अण्णांना सम्राट यंत्राच्या कठड्याजवळ उभं केलं. त्यांनी तळहात दगडावर ठेवला. या यंत्राची तिरपी भिंत उज्जैनच्या अक्षांशाएवढी कललेली, ध्रुवाकडे रोखलेली. सकाळी तिची सावली पश्चिमेच्या कमानीवर पडते, दुपारनंतर पूर्वेच्या. मध्यान्हाला ती एक सोडते आणि दुसरी धरते. भाची सावलीकडे बघत सांगत होती, "आजोबा, चार बोटं राहिली... दोन... आता कडेला आली." डबा दोनदा वाजला. घड्याळात १२ वाजून २७ मिनिटं. सावलीची कड नेहमीच थोडी पुसट असते, त्यामुळे सेकंदांचा वाद घालण्यात अर्थ नव्हता. अण्णांनी विचारलं, "गेली का पलीकडे?" ती म्हणाली, "जातेय." मग ते बराच वेळ काही बोलले नाहीत. एका शाळेची सहल आली होती, त्यांचा गलका चालला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून गेल्यावर गच्चीत बझर वाजला. अण्णांनी अर्घ्य दिलं. खाली येऊन चहाच्या आधी तक्रार: वाजला, पण लवकर वाजला. मी म्हटलं, अण्णा, सहा वाजून साडेसहा मिनिटांनी वाजला, हिशोबाने बरोबर आहे. ते म्हणाले, तुमचा हिशोब सूर्याची वरची कड दिसली की उदय मानतो. मी अर्धं बिंब वर आल्याशिवाय अर्घ्य देत नाही. सत्तर वर्षांत दिलेलं नाही.

आता कड की अर्धं बिंब, यावर शास्त्री लोक काय म्हणतात ते म्हणोत, घरात अण्णांचाच शब्द चालतो. भाचीने सूत्रात पाहिलं. क्षितिजाखाली ५० कला धरल्या होत्या: ३४ हवेच्या वक्रीभवनाच्या आणि १६ अर्ध्या बिंबाच्या. तिने १६ काढून टाकल्या, ३४ ठेवल्या. एवढा एकच आकडा बदलला, बटण दाबलं, डॅश एल-एम शेवटी होतंच. सूर्योदय सव्वा मिनिट पुढे सरकला. बझर अजून देवघराबाहेर आहे, जुन्या घड्याळाच्या खिळ्याला टांगलेला. फेब्रुवारीत त्याचा सेल बदलला.